आधी कोण ओ देतं

वायरीच्या टोकावर चार दातांच्या खुणा होत्या – वर दोन, खाली दोन – आणि त्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या टोकाला जी चिमुकली पट्टी असते, खोबणीत बसली की टक् करून अडकणारी, ती तुटून गेली होती. त्यामुळे वायर सीपीयूत बसायची, पण धरून राहायची नाही. जरा धक्का लागला की मागचा हिरवा दिवा विझायचा. संघप्रियाने अंगठ्याने टोक दाबून धरलं. दिवा लागला. अंगठा काढला... लागलेलाच राहिला. तेजूचे, तिच्या लेकीचे दात. दीड वर्षात आठ आले, त्यातले चार या वायरीवर. मी तेव्हा कुठे होते? इथेच की, याच टेबलापाशी, काळ्या पडद्याकडे बघत – आणि वायर तिच्या तोंडातून काढून घेतली ती सासूबाईंनी, आत्तींनी, न रागावता, शेंगेचं टरफल काढावं तशी.

दोन वाजून गेले होते. चारला भाऊसो येणार. विहारातल्या अभ्यासिकेचा कारभार भाऊसो बघतात, आणि आज त्यांच्यासमोर हा सीपीयू लागोपाठ तीनदा सुरू होऊन दाखवायला हवा होता. एकदा नाही, तीनदा. कारण गेल्या खेपेला ते आले तेव्हा तो एकदा सुरू झाला, दुसऱ्यांदा नाही, आणि भाऊसो चहाची बशी खाली ठेवत म्हणाले होते, आमच्या जुन्या राजदूत फटफटीगत हाय की हे, मनात आलं तर चालतंय. ते हसले, तीही हसली. मग जाताना चपला घालता घालता त्यांनी आवाज उतरवून सांगितलं होतं, मंडळातली दोघं-तिघं कागल एमआयडीसीतला एक माणूस आणू म्हणतायत. तुझ्याच्यानं होत नसलं तर सांग पोरी, लाजू नको.

होत नसलं तर... पण होत होतं. मध्येच होत होतं, हेच कळत नव्हतं. अजिबात झालं नसतं तर ती केव्हाच नाही म्हणून मोकळी झाली असती.

मुळात ती बोललीच कशाला? एका कचेरीने अभ्यासिकेला पाच जुने सीपीयू भेट दिले, हार घालून, फोटो काढून. आणि देण्याआधी, आपली माहिती बाहेर जायला नको म्हणून, प्रत्येकातली हार्ड डिस्क काढून घेतली. झाकण उघडलं तर आत रिकामी चौकट आणि चार स्क्रूंची भोकं. लोक म्हणाले भंगारच दिलं. बैठकीत मागे, मांडीवर तेजूला घेऊन बसलेली संघप्रिया म्हणून गेली – डिस्क नसली तरी चालतात. सगळं एका ठिकाणी ठेवायचं, आणि पाचही जणांनी वायरीवरून ते घ्यायचं. सगळ्यांनी वळून बघितलं. बीसीएच्या तिसऱ्या वर्षाला असताना ऐकलेलं. ऐकलेलं, केलेलं नाही. मग तूच कर की, भाऊसो म्हणाले, एक घरी ने, चालू करून दाखव, आणि झालं तर तूच चालव अभ्यासिका, दहा ते दोन, पगारानिशी. दहा ते दोन. आणि तेजू?

“मी हाय की,” आत्ती म्हणाल्या होत्या. “तू जा बिनधास्त.”

त्या म्हणाल्या आणि संघप्रियाने तेजूला आणखी जवळ ओढलं. सासूने असं म्हणावं म्हणून बायका नवस करतील... आणि मी? मला काय झालं त्या शब्दांनी?

बाहेर पायरीवर उन्हाला पाठ देऊन आत्ती शेंगा फोडत बसल्या होत्या. कट्... कट्... साखर कारखाना सुरू असल्यामुळे कसबा बावड्यात दिवसभर मळीचा वास, आणि दोरीवरच्या कपड्यांवर बारीक काजळी. तेजूची दुपटी आज आत वाळत घातली होती. आतल्या खोलीत तुळईला बांधलेल्या झोळीत तेजू एकपासून झोपली होती, अडीचला उठते. म्हणजे वीस मिनिटं. फार तर पंचवीस.

संघप्रियाने बटण दाबलं. पंखा घरघरला, पडदा उजळला, आणि ते सुरू झालं – जे ती गेले पाच दिवस बघत होती. हा डबा जागा होतो तेव्हा त्याला काहीच माहीत नसतं. आपण कोण, आपलं काम काय, काही नाही. फक्त एवढं कळतं, की विचारायचं. म्हणून तो वायरीवर सगळ्यांना ऐकू जाईल अशी हाक मारतो – मी जागा झालोय, माझा पत्ता काय, आणि बाकीचं सगळं कुठून घेऊ? तिच्या कॉलेजच्या जुन्या लॅपटॉपने याला ओ द्यायची, पत्ता सांगायचा, आणि म्हणायचं, ये, माझ्याकडे आहे सगळं. कधी तो म्हणे. आणि कधी... पडद्यावर एक पत्ता उमटे, नीट, खरा पत्ता, आणि खाली ओळ येई, की सुरू करायची फाइल मिळाली नाही. मग नुसती एक आडवी रेघ, लुकलुकत. जणू घर क्रमांक मिळालेला माणूस दाराशी उभा आहे आणि आत काय आहे हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही.

रेघ लुकलुकली. संघप्रियाने वही ओढली आणि लिहिलं – र.

र म्हणजे राऊटर. शेल्फवर, बुद्धमूर्तीच्या शेजारी ठेवलेला तो पांढरा राऊटर, तोही घरात पत्ते वाटतो. नवऱ्याच्या, बुद्धभूषणच्या मोबाइलला, आत्तींच्या मोबाइलला, सगळ्यांना. ओ दोघेही देतात, आणि डबा ज्याची आधी ऐकू येईल त्याची धरतो. लॅपटॉपची धरली की सुरू. राऊटरची धरली की रेघ. हे तिला काल दुपारी कळलं होतं, आणि कळल्यावर बरं वाटायच्याऐवजी तिने वही मिटून ठेवली होती. का, ते तिला सांगता आलं नसतं. कारण काल दुपारीच... नाही, ते आत्ता नको.

पण वही उघडीच होती. डाव्या बाजूला पाच दिवसांची अक्षरं, आधीची काल मागाहून भरलेली – र, र, ल, र, ल, ल, र. ल म्हणजे लॅपटॉप. आणि उजवीकडे, समासाच्या पलीकडे, त्याच पेन्सिलीने, जरा लहान अक्षरात – आ, आ, प, आ, आ. हे कधी लिहायला लागले मी? मंगळवारी? तेजू उठल्यावर कुणाकडे झेपावली ते. आ म्हणजे आत्ती. प म्हणजे मी. मला सगळे प्रिया म्हणतात म्हणून प. तेजूही पियाच म्हणते. बुद्धभूषण आत्तींना आई म्हणून हाक मारतो, शेजारच्या पोरी आत्तींना आई म्हणतात, मी आत्ती म्हणते. या घरात मला आई म्हणणारं कुणी नाहीच, मग लेकराने तो शब्द माझ्यासाठी आणायचा कुठून? काल दुपारी ती उठली आणि आई म्हणून रडली, आणि मी धावले, उचललं, आणि माझ्या खांद्यावरून तिने दोन्ही हात मागे पसरले. मागे आत्ती उभ्या होत्या. “अगं ही न्हवं व्हय आई,” आत्ती तिला म्हणाल्या, माझ्याकडे बोट करून, “ही बघ, ही तुझी आई.” तेजूने बघितलं. नीट बघितलं. आणि हात तसेच ठेवले.

आत्तींची काय चूक? सव्वीस वर्षं अंगणवाडीत मदतनीस होत्या. मुलाने पहिला श्वास रडायला आत ओढला की त्यांच्या तोंडून ओ निघतेच, त्या कुठेही असोत, हातात काहीही असो – ओ, आले की गं माझे बाय – आणि मी हातातलं खाली ठेवून, कोणत्या खोलीत, काय झालं असेल, पडली का, असं सगळं मनाशी करून उठेपर्यंत...

मोबाइलवर ते पान उघडं होतं, नवशिक्यांसाठी लिहिलेलं. तिने ते इतक्यांदा वाचलं होतं, की इंग्रजी असूनही ते आता तिच्या डोक्यात मराठीतच बोलायचं. तिसऱ्या पायरीच्या खाली बारीक अक्षरात: घरात आधीपासून कुणी पत्ते वाटत असेल तर त्याला आधी गप्प करा. वाटणारा एकच असावा. पाच दिवस तिने ही ओळ ओलांडून पुढे वाचलं होतं, इतरांसाठी असेल म्हणून.

गप्प करा... आणि मग एकाएकी शिरोळची ती शाळा. पुराच्या वर्षीची. ती पाच वर्षांची, वर्गाच्या फरशीवर झोपलेली, जाग आली तर वर फळा, भोवती अनोळखी माणसं, आणि तिने हाक मारली. आणि कुणीतरी, कुठल्यातरी बाईने, रॉकेलच्या वासाच्या पदराच्या बाईने म्हटलं, हाय की बाळ, हितंच हाय. बस्. ती त्या बाईच्या मांडीवर परत झोपली. आई दुधाच्या रांगेत होती. आई आली तेव्हा काय झालं ते संघप्रियाला आठवत नाही. आई मात्र अजून सांगते, कुणाच्याबी मांडीवर झोपत होतीस तू – हसत सांगते, पण सांगायची सोडत नाही. त्या बाईचा चेहरा आठवत नाही. पण झोप आठवते. इतकी गाढ.

ती उठली. राऊटर खाली घेतला, त्याच्या पोटावरच्या चिकटपट्टीवरचा पासवर्ड लॅपटॉपवर टाकला, आणि पत्ते वाटण्यापुढची बरोबरची खूण पुसली. जतन करायचं का, त्याने विचारलं. तिचं बोट थांबलं. बिचाऱ्याने वाईट काय केलं होतं? माहीत होतं तेवढं सांगितलं, विचारल्या विचारल्या, इतकी वर्षं. बाहेर शेंगांचा आवाज चालूच होता. तिने बटण दाबलं.

सीपीयू बंद. सुरू. पंखा, पडदा, हाक – आणि ओ. एकच. ओळी भराभर वर सरकायला लागल्या, आणि शेवटी अभ्यासिकेचा निळा पडदा आला, तिनेच बनवलेला. ल. बंद, सुरू – पुन्हा ओळी, पुन्हा निळा. ल. म्हणजे झालं? म्हणजे सोमवारपासून दहा ते दोन, आणि अडीचला जाग येणारी तेजू कुठल्या दिवशी बारालाच उठेल, आणि तेव्हा... पण हे बंद पडावं असं मला वाटत होतं का? पाच दिवस ती बारीक ओळ मला खरंच दिसली नव्हती?

तिसऱ्यांदा तिने बटण दाबलं, आणि आत झोळीची दोरी करकरली.

वही तशीच हातात घेऊन ती दारापर्यंत गेली. ओ तिच्या घशात तयार होती. पण झोळीच्या फटीतून तिला जे दिसलं त्याने ती तिथेच थांबली. तेजूचे डोळे उघडे होते. ती रडत नव्हती. छताकडे बघत होती, पत्र्याच्या भोकातून भिंतीवर पडलेला उन्हाचा ठिपका हलत होता तिकडे, आणि एक पाय झोळीबाहेर काढून अंगठा सावकाश वाकवत, सरळ करत होती. तिने कुणाला काही विचारलंच नव्हतं अजून. रोज असंच असतं का? रोज ती अशी थोडा वेळ एकटीच जागी असते आणि आम्ही दोघी, आत्ती आणि मी...

“उठली व्हय गं?” बाहेरून आवाज आला. “येऊ काय?”

“न्हाय, आत्ती,” संघप्रिया म्हणाली. “अजून न्हाय.” तिच्या तोंडून ही बोली कधी यायची नाही. आपण खोटं बोललो, हे तिला शब्द निघून गेल्यावर कळलं. कुणापासून काय राखायला, ते कळलं नाही.

थोडं थांबून शेंगांचा आवाज पुन्हा सुरू झाला. मागे टेबलावर पंखा घरघरत होता. तिसरी ओ मिळाली की नाही हे बघायला मान वळवावी लागली असती. वहीच्या उजव्या बाजूला पेन्सिलीचं टोक टेकलेलं होतं, नुसतं टेकलेलं. झोळीत तेजूने अंगठा वाकवला, सरळ केला. तिचे ओठ जरा मिटले, जसे शब्दाच्या आधी मिटतात, आणि परत सुटले, आणि काहीच आलं नाही, आणि संघप्रिया तिथे दाराला टेकून श्वास न सोडता उभी राहिली, तिने हाक मारावी म्हणून की मारू नये म्हणून...