मागून ओ देणारी

पाटी : उद्यानात मोठ्याने ओरडू नये.

निकिता ओरडतच आत शिरली. सात वर्षांची पोर. आत्या पेडगावाहून आली होती आणि आत्याला हे उद्यान दाखवायचं, असं तिने आठवडाभर आधीच ठरवून टाकलं होतं. आत्या म्हणजे मनकर्णा, निकिताच्या आईची, सविताची, थोरली नणंद. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसरा अजून धूसर. मागून सविता, धपाट्यांचा डबा आणि पाण्याची बाटली घेऊन.

"हे जंगल हाय म्हणं? आन् आत यायला तिकीट?" मनकर्णा म्हणाली. "आमच्या बांधावर यापेक्षा दाट झाडी हाय. तिकडं येतीस का कधी?"

"तुमच्या बांधावर झोका नाही, आक्का."

"झोक्याला दोरी लागती. परभणी न्हाई लागत."

पाटी : नक्षत्रवन. आपले झाड शोधा.

निकिताचं नक्षत्र पुनर्वसू. पाळण्यात नाव मनकर्णानेच ठेवलं होतं, तिला आठवावं लागलं नाही. पुनर्वसूचं झाड वेळू. वेळूचं बेट पायवाटेच्या पार टोकाला, तळ्याच्याही पलीकडे.

"माझं झाड! मी आधी जाणार!"

पोर पुढे पळाली. वळणावर दिसेनाशी झाली.

मग फडफड. मोठी. बेटातून एक मोर उठला आणि त्यांच्या डोक्यावरून गेला.

मग काहीच नाही.

त्या पोचल्या तेव्हा निकिता वेळूकडे तोंड करून उभी होती. एक चप्पल पायात, एक मागे वाटेत पडलेली.

"घाबरलीस का गं?"

ती वळली. सविताकडे बघितलं. एसटीची वाट बघणारा माणूस दुसऱ्या गावाच्या गाडीकडे बघतो, तसं.

पाटी : खाद्यपदार्थ येथेच खावेत.

धपाटं हातात दिलं. तिने धरलं. तोंडाकडे नेलं नाही. झोक्यावर बसवलं. बसली. ढकललं तेवढा झोका गेला आणि थांबला. गुदगुल्या केल्या. सविताने ओळखीच्या डॉक्टरांना फोन लावला; ते म्हणाले, घाबरली असेल, आज आराम करू द्या, उद्या आणा.

दुपार गेली. एक शब्द नाही. सावल्या लांबल्या तेव्हा एक माशी येऊन निकिताच्या ओठावर बसली, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत चालली, आणि ओठ हलला नाही.

मनकर्णाने माशी हाकलली.

"लेकरू दचकलंय, सविते. हे इथं बसलंय ते नुसतं अंग हाय. लेकरू तिथंच राहिलंय. आणावं लागंल."

"आक्का, प्लीज."

"तू आई. तू तिथून हाक मारीत निघायचं. मी मागून तिच्या नावानं ओ द्यायची. घराचा उंबरा येईस्तोवर मागं वळून बघायचं न्हाई. झालं. पेडगावात कुण्याबी बाईला इचार."

"इथं माझ्या शाळेतले पालक फिरायला येतात. बाई वेड्यासारख्या ओरडत होत्या म्हणतील."

"मग त्यांला म्हण, माझी पोर हाय."

सविताने पुन्हा निकिताकडे बघितलं. माशी परत आली होती.

दरवाज्यावरच्या किशनराव चौकीदाराने आपली खुर्ची निकिताला दिली. "जावा, मी बसतो हिच्यापशी. पण लवकर या बाई. अंधार पडायच्या आत कुलूप लावायचं हाय मला."

वेळूच्या बेटापासून परत जाताना :

"निकिताऽऽ, चल घरीऽ."

"आलेऽ, आलेऽ."

मनकर्णाचा आवाज. जाड, एका शेतातून दुसऱ्या शेतात जाणारा. सविताला हसू आलं आणि लगेच रडू.

"निकिताऽऽ, चल घरीऽ."

"आलेऽ, आलेऽ."

समोरून ट्रॅक पँट घातलेलं एक जोडपं. ओळखीचं. "मॅडम, कुणी हरवलंय का?"

"नाही, नाही. सहज."

त्यानंतर हळू.

"निकिता, चल घरी."

"आले."

आक्कांनीही आवाज उतरवला. समजूतदार बाई.

वाट फुटली. डावीकडची जवळची, माणसांनी भरलेली. उजवीकडची तळ्याच्या कडेने. सविता उजवीकडे वळली.

"निकिता. चल."

"आले."

तळ्यावर वारा नव्हता. पाण्यात पायवाट उलटी दिसत होती. सविताने पाण्याकडे बघायचं टाळलं. पाण्यात बघणं म्हणजे मागे बघणंच.

नुसते ओठ हलवून :

निकिता.

"आले."

अगदी जवळून. कमरेच्या उंचीवरून. आक्कांचे गुडघे दुखत असतील. वाकून चालत असतील.

पाटी : बाहेर.

दरवाज्याच्या पायरीवर मनकर्णा बसली होती. बाटलीतलं पाणी निकिताच्या ओठांना लावत होती. पाणी हनुवटीवरून खाली येत होतं.

"सविते! कुठं गेलतीस गं? तुझा आवाजच बंद झाला. मला वाटलं तू पुढं निघालीस. म्हणलं गाठावं. एका हिरव्या साडीच्या मागं मागं इथवर आले, बघते तर कुणी दुसरीच बाई."

सविताची साडी हिरवी होती.

"तुम्ही कधीपासून इथं आहात?"

"लय वेळ झाला," किशनराव म्हणाला. "म्हातारी तुमच्या नावानं बोंबलायलीय मघापासून."

सविता दरवाज्याच्या आतच थांबली. मान ताठ. मानेवरचे केस ताठ.

"आक्का. माझ्या मागं बघा."

मनकर्णाने धूसर डोळा तळव्याने झाकला आणि चांगल्या डोळ्याने बघितलं. बाटली तिच्या हातात तिरपी झाली, पाणी तिच्या लुगड्यावर सांडत राहिलं.

"कोण आहे?"

"तू वळू नको."

"आक्का, निकिता आहे का?"

"लेकरू हाय." मग चांगला डोळा बारीक करून, "एका डोळ्यानं मी काय सांगू? कुणाचं ते न्हाई सांगता येत. लेकरू हाय, एवढंच दिसायलंय."

किशनरावाने कुलूप हातात घेतलं. वाटेकडे नजर टाकली. वाट रिकामी होती.

"बाई, आत अजून कोणी हाय का तुमचं?"

नाही म्हणता येत होतं.

नाही म्हटलं की दार लागणार होतं. मग रिक्षा, घर, उद्या डॉक्टर. आणि समोर खुर्चीत बसलेली ही पोर, हनुवटीवरून पाणी गळणारी, कधीपर्यंत कोण जाणे.

"आहे," सविता म्हणाली. "थांबा."

आणि मग शाळेच्या मैदानावर शेवटच्या रांगेला ऐकू जावा असा आवाज लावून :

"निकिताऽऽऽ! चल घरीऽऽऽ!"

फिरणारी माणसं जागच्या जागी थांबली. ट्रॅक पँटवालं जोडपंही. सविता त्यांच्याकडे बघत होती आणि तिला काही वाटत नव्हतं.

मागून ओ आली नाही.

किशनराव दरवाज्याची एक फळी धरून उभा होता. त्याने आपला पाय मागे घेतला आणि काठी बाजूला ओढली, कुणाला तरी जायला वाट देतात तशी. का ओढली ते त्याचं त्यालाही कळलं नसावं. तो काठीकडे बघत राहिला.

"आले," निकिता खुर्चीतून म्हणाली. "आई, भूक लागली."

उंबऱ्यापर्यंत :

रिक्षात हाक. ओ. उड्डाणपुलाखाली हाक. ओ. रिक्षावाल्याने आरशातून बघितलं. सविताने त्याच्या देखत पुन्हा हाक मारली. दर वेळी मांडीवरच्या पोरीने स्वतःच ओ दिली, स्वच्छ, लगेच. मनकर्णा कडेला दांडी धरून बसली होती.

उंबऱ्यात तिने भाकरीचा तुकडा ओवाळला. हात पोरीच्या अंगापासून जरा लांबूनच फिरला. तुकडा रस्त्यात टाकून ती आत आली ती पिशवी भरायलाच.

"राहणार होता ना आक्का तुम्ही?"

"शेवटची गाडी मिळंल अजून."

"आक्का, ही निकिताच आहे ना?"

मनकर्णाने पिशवीची गाठ मारली. "तू हाक मारलीस, ते आलं. आता त्याला इचारू नको. मलाबी इचारू नको."

ती गेली.

स्वयंपाकघरात निकिता ओट्याजवळ पाट घेऊन बसली होती. डब्यातली धपाटी संपली होती. सकाळचा भात संपला होता. ती घाई करत नव्हती, सांडत नव्हती. एकेक घास नीट चावत होती, आणि मधूनच थांबून ताटाकडे असं बघत होती की सविताला दुसरीकडे बघावं लागलं. एवढ्याशा पोटाला एका दिवसात लागणारी ती भूक नव्हती.

"अजून आहे?" तिने विचारलं. आवाज निकिताचाच होता.

सविताने पिठाचा डबा खाली घेतला, परातीत ज्वारीचं पीठ काढलं आणि गॅसवर तवा ठेवला.

"आहे," ती म्हणाली. "बस. करतेय."