नान्तेनिनने माफी दिली नाही

काबिने सिदिमे मेला तेव्हापासून रेडिओला दुसरा विषय नव्हता. गोऱ्यांना हाकलणारा, रेल्वे कामगारांचा पुढारी, बावीस वर्षं राष्ट्राध्यक्ष. रस्ते बांधले, दवाखाने बांधले, स्वतःच्या गावाला स्टेडियम दिलं. नान्तेनिन ते ऐकत होती आणि ज्वारी अशी कांडत होती, की शेजारीण म्हणाली, "अगं, उखळ फुटेल."

"फुटू दे."

रेल्वेच्या संपात गोऱ्यांचे पोलीस मागावर होते, तेव्हा हाच काबिने तिच्या कणगीत लपला होता. नऊ दिवस तिने त्याला शेंगदाण्याचं कालवण आणि भात खाऊ घातला. तिचा नवरा फामोरो इंजिनात कोळसा टाकायचा. दोघं जिवाभावाचे दोस्त. पुढे काबिने राष्ट्राध्यक्ष झाला, आणि फामोरोने भर सभेत एवढंच विचारलं, की आता आम्हाला संपाचा हक्क का नाही? त्याच आठवड्यात दाराशी जीप आली. त्याला एकतीस वर्षं झाली. माणूस आला नाही, मयतही आलं नाही. खुर्ची गेल्यावर काबिने गावी येऊन राहिला, तेव्हा ती दर शुक्रवारी त्याच्या फाटकाशी जाऊन उभी राहायची. त्याचा जुना ड्रायव्हर सायों बाहेर येऊन मान खाली घालून सांगायचा, "साहेब झोपलेत."

दफनाच्या दिवशी ती त्याच फाटकातून आत शिरली. तिचा मुलगा मोरी आडवा आला. तो कचेरीत कारकून होता.

"आई, आज तोंड उघडू नकोस. मंत्री आलेत."

"बरं झालं. त्यांनाही ऐकू जाईल."

अंगणात आंब्याखाली चटईत गुंडाळलेलं शव ठेवलं होतं. कबर खणणारे काम उरकून आले होते, त्यांच्या मातीने भरलेल्या कुदळी भिंतीला टेकल्या होत्या. इमाम पुढे झाले आणि शव उचलण्याआधी नेहमी विचारतात तेच त्यांनी विचारलं, "या माणसाने कुणावर अन्याय केला असेल तर आत्ताच सांगा. नाहीतर त्याला माफ करा."

"माफ केलं!" सगळं अंगण एका सुरात म्हणालं.

"मी नाही केलं," नान्तेनिन म्हणाली.

मोरीने कपाळाला हात लावला. मंत्री इमामांच्या कानाशी लागले, "म्हातारीला बाजूला घ्या. ऊन वाढतंय."

"मी विचारलंय," इमाम म्हणाले, "तर उत्तर ऐकायला हवं. बोला, आजी."

"माझा फामोरो कुठे पुरलाय ते सांगा. माझ्या घरचा भात खाल्लेल्या माणसाने त्याचं काय केलं, ते सांगा. त्याशिवाय हे मढं हलणार नाही."

काबिनेची बायको पदराआड तोंड लपवून बसली. मग आंब्यामागून सायों पुढे आला.

"वहिनी, जीप मीच चालवत होतो. त्याला पुरलं तिथं तेव्हा काजूची बाग होती. आता स्टेडियम आहे. उत्तरेकडच्या गोलपोस्टच्या मागे, भिंतीलगत."

दर स्वातंत्र्यदिनी बायकांना ट्रकमध्ये भरून त्याच मैदानावर नाचायला नेत. काबिनेचा चेहरा छापलेलं कापड कमरेला गुंडाळून नान्तेनिनही तिथं नाचली होती. चौदा वेळा. त्याच गोलपोस्टपुढे.

"मिळालं ना उत्तर?" मंत्री हळूच म्हणाले. "आता म्हणा, माफ केलं."

ती भिंतीपाशी गेली. एक कुदळ तिने खांद्यावर टाकली, दुसरी सायोंच्या अंगावर लोटली.

"चल. जागा दाखव."

"वहिनी, आधी साहेबांना तरी..."

"का? एवढी वर्षं झोपलेलेच होते ना तुझे साहेब? झोपू दे आणखी थोडा वेळ."

ती फाटकाबाहेर पडली तेव्हा सायों तिच्या मागून निघाला होता. शव आंब्याखाली तसंच होतं, आणि सावली त्याच्यावरून सरकत चालली होती.