दादाचा उतरलेला ताप

दादाच्या शिलाईच्या दुकानात त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. कापड बेतायच्या टेबलावर दादाला झोपवलं होतं आणि गर्दीचे डोळे एका काचेच्या पेल्यावर खिळले होते. बोटवाल्या बाबांनी दादाच्या पायावरच्या जांभळ्या डागांवरून तर्जनी फिरवली, पेल्यातल्या स्वच्छ पाण्यात बुडवली आणि पाणी जांभळं झालं.

"विष उतरतंय," बाबा म्हणाले.

या बोटातल्या शक्तीला दवाखान्याचा वास खपत नाही, सुईचं तर तिला वावडंच आहे, असं बरंच पुराण त्यांनी लावलं. शिंप्याच्या दुकानात सुईचं वावडं! पण हसलं कोणी नाही.

मी रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. जखमा धुवायची जांभळी पूड मला चांगली माहीत आहे. तिचे दोन कण पेलाभर पाण्याला पुरतात. मी बाबांचं मनगट धरलं आणि दादाला हात लावू न देता त्यांचं तेच बोट दुसऱ्या पेल्यात बुडवलं. तेही पाणी जांभळं झालं. पूड नखाखाली होती. गर्दी पांगली, बाबा तर गर्दीच्या आधी पांगले.

दादाचे हात गार पडले होते. आम्ही त्याला दवाखान्यात नेलं. दुपारी तो गेला.

चार दिवसांपूर्वी मशीनची सुई त्याच्या बोटात घुसली होती. बोट पिकलं, ताप चढला. एवढ्याशा सुईने माणूस कसा जातो, असं वहिनीने डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या तिच्याजवळ बसल्या.

"रक्तवाहिनीला आतून अस्तर असतं, कोटाला असतं तसं. ते रक्त गोठू देत नाही. जंतू रक्तात पसरले की पांढऱ्या पेशी धावून येतात, अस्तराला चिकटतात, जंतू धरायला जाळी फेकतात. या झटापटीत अस्तरच बिघडतं आणि उलट रक्त गोठवायला लागतं. बारीक वाहिन्या तुंबतात. ते डाग त्याचेच."

"पण ताप तर उतरला होता ना?"

"शरीर हरायला लागलं की कधीकधी अंग असं थंड पडतं."

वहिनी माझ्याकडे बघत राहिली. आदल्या संध्याकाळी तिचा फोन आला होता. ताप उतरलाय, बाबा म्हणतात आता काळजी नाही, तरी दवाखान्यात नेऊ का, असं तिने विचारलं होतं. मी कामात होते. म्हटलं, "उतरला ना? मग सकाळी बघू." बाबांवर माझा काडीचा विश्वास नव्हता. मी 'उतरला' या शब्दावर विश्वास ठेवला.

म्हणून हात जोडून सांगते. जखम पिकली असेल आणि माणूस गार पडला, धापा टाकू लागला, बरळू लागला, अंगावर डाग उठले, तर सुटकेचा निःश्वास टाकू नका. तडक दवाखाना गाठा. आणि कोणी काहीही उतरलं म्हणालं, तर कशावरून, एवढं विचारा. बाबांना मी ते विचारलं. वहिनीला विचारलं नाही.