समीक्षक उठेपर्यंत

मी एक जुनी खुर्ची आहे, मित्रांनो, आणि मी मनात ठेवते. आधीच सांगितलेले बरे.

बिडाचे पाय, लाल रेक्झिन आणि माणूस उठला की आपोआप वर मिटणारी बैठक, अशी मी कारखान्यातून निघाले. उमेदीची वर्षे एका चित्रपटगृहात काढली. तिथे मला छळणाऱ्यांना मी हातोहात फळ दिले. माझ्या हातावर च्युइंगम चिकटवणाऱ्याची नवी पँट खिळ्याने फाडली. रेक्झिनला ब्लेड मारणाऱ्याची बोटे बैठकीत चेंगरली, तीही मध्यंतराआधी. उरलेला सिनेमा त्याने बोटे तोंडात धरून पाहिला. नायिकेच्या मरणावर सांडलेली आसवे मात्र मी मुकाट्याने पिऊन घेत असे.

चित्रपटगृह बंद पडले, तेव्हा एका शिंपीकाकांनी मला दुकानात आणले. दर रविवारी दुपारी तिथे सिनेवेड्यांची बैठक भरे. जो माझ्यावर बसेल त्याने आपला लाडका सिनेमा, लाडका नट, पाठ असलेला संवाद सांगायचा आणि तो उठेपर्यंत कोणी हसायचे नाही, एवढाच नियम. कापडाच्या गठ्ठ्यांवर बसलेली मंडळी तो कसोशीने पाळत असे.

मग एक निवृत्त साहेब येऊ लागले. त्यांना सगळे 'समीक्षक' म्हणत. ते कौतुक आहे असा त्यांचा समज होता. एकदा शिंपीकाकांच्या पत्नी, म्हणजे काकू, माझ्यावर बसून आपल्या आवडत्या नटाबद्दल सांगत होत्या. "तो नुसता दारात उभा राहिला ना, तरी मला भरून येतं."

समीक्षक खो खो हसले. "अहो काकू, अभिनय येत असता तर दारातून आत नसता का आला?"

काकू उठल्या. त्यानंतर त्या माझ्यावर बसल्या नाहीत. रविवारी आत चहा करत आणि कान बाहेर ठेवत.

मी एवढ्यावरही समीक्षकांना सोडले नसते. पण ते पुढे म्हणाले, "हे धूड काढा हो. काय ती कुरकुर! तेल घालून पुसून ठेवा, भंगारवाला बरा भाव देईल." शिंपीकाका भिडस्त. त्यांनी भंगारवाल्याला पुढच्या रविवारी संध्याकाळी बोलावले आणि शिलाई मशीनचे तेल माझ्या बिजागऱ्यांत सोडले.

मित्रांनो, मी मिटताना कुरकुरत असे, म्हणून लोक मागे वळून पाहत आणि मगच बसत. ती कुरकुर समीक्षकांनी स्वतः बंद करवून घेतली. मी फक्त रविवारची वाट पाहिली.

"संवाद कसा म्हणतात ते ऐका आता!" असे म्हणून समीक्षक माझ्यावरून ताडकन उठले. हात उंचावून गरजले, "राज्य गेलं तरी बेहत्तर, पण हा राजा जमिनीला पाठ लागू देणार नाही!" आणि झोकात खाली बसले.

मी केव्हाच मिटले होते. आवाज न करता.

राजाचे पाय मशीनखाली गेले आणि चष्मा चिंध्यांत. शिंपीकाकांनी मोजपट्टी तोंडात कोंबली. तेवढ्यात काकू दारात आल्या.

"कोणी हसायचं नाही हं," त्या गंभीरपणे म्हणाल्या. "साहेब अजून उठले नाहीत. त्यांचा नंबर चालू आहे."

लागलेले काही नव्हते. पण उठलो की काय होणार, हे समीक्षकांना कळत होते. म्हणून ते जमिनीवरूनच बोलत राहिले. परदेशी दिग्दर्शक संपले, कॅमेऱ्याचे कोन संपले. मंडळी गाल फुगवून ऐकत होती. शेवटी ते पुटपुटले, "काकू, तो दारात उभा राहतो ना... तो सिनेमा मी दोनदा पाहिलाय. घरी न सांगता."

"रडलात?"

"दोन्ही वेळा."

मग ते उठले. छप्पर उडेल असे सगळे हसले, काकू सगळ्यांत जास्त. हसता हसता त्यांनी हाताने माझी बैठक खाली दाबली आणि त्या ऐसपैस बसल्या. संध्याकाळी भंगारवाला आला तेव्हा माझ्यावर बसूनच ओरडल्या, "अहो, त्याला म्हणावं, खुर्चीवर माणूस बसलंय!"

समीक्षक आता बसण्यापूर्वी बैठक चाचपून पाहतात. मी त्यांना माफ केलेले नाही. तेव्हा मित्रांनो, कोणाच्या लाडक्या नटाला हसू नका आणि जुन्या वस्तूला तिच्या देखत भंगार म्हणू नका. ही विनंती आहे. सध्या तरी.