बावीस ग्रॅम जवस

तर शेवटी नवऱ्याने तपासणी करून घेतली, अहवाल आला, आणि तीन वर्षं घरात पाळणा का हलला नाही याचं उत्तर नवऱ्याच्या नावापुढे ठळक अक्षरांत छापलेलं निघालं.

हे वाक्य आता विसरून जा. असं काहीही झालेलं नाही. घरातल्या चार माणसांचं याबाबतीत एकमत आहे, आणि या चौघांचं पडद्यांच्या रंगावरसुद्धा कधी एकमत झालेलं नाही. एवढ्या दुर्मिळ एकमताचा मान राखून आपणही पहिल्यापासून सुरुवात करू.

घरात एक सून होती. ती वैधमापन खात्यात निरीक्षक होती, म्हणजे दुकानांतले वजनकाटे खरं बोलतात की खोटं, हे बघायचं तिचं काम. तिच्याकडे मखमलीच्या खाचांत बसवलेल्या पितळी वजनांची पेटी होती. ती पेटी उघडली की काट्याआधी दुकानदाराचा चेहरा हलायचा. नवरा चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायचा. सासू शाळेतल्या ग्रंथालयातून निवृत्त झाली होती आणि आता पुस्तकांऐवजी माणसं जागच्या जागी लावून ठेवायची. सासरेही होते. सासऱ्यांबद्दल एवढंच, ते स्वतःही स्वतःबद्दल याहून जास्त बोलत नसत.

लग्नाला तीन वर्षं झाली तेव्हा सुनेच्या चार तपासण्या झाल्या. चारही व्यवस्थित आल्या. डॉक्टरीणबाईंनी पाचव्या कागदावर नवऱ्यासाठी एक तपासणी लिहून दिली. तो कागद घरी आला आणि फळांच्या टोपलीखाली गेला. तिथे त्याने तीन महिने काढले. संत्री आली नि संपली, सफरचंदं आली नि संपली, कागद आपला तळ ठोकून.

त्याच सुमाराला घरातल्याच नणंदेने सहा आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स पुरा केला. विषय होता सबंध, न चाळलेलं अन्न, नैसर्गिक पोषण आणि वंशवृद्धी. नणंद सव्वीस वर्षांची, स्वतःला मूल नको म्हणून जाहीरपणे सांगणारी. पण दुसऱ्याला व्हावं म्हणून तिची तळमळ बघावी. ‘वहिनी, तू फक्त माझ्यावर सोड,’ ती म्हणाली. सुनेने काही सोडायच्या आत स्वयंपाकघर गेलं. पांढरा पाव गेला, मैदा गेला, साखर गेली, आणि फ्रिजवर एक तक्ता आला.

न्यायाने एक सांगायला हवं: अन्न चांगलं होतं. सबंध गव्हाचा जाड कवचाचा पाव, बीट आणि मसुराचं सूप, भिजवलेले ओट, पालक, मोड आलेले मूग. सुनेचे केस गळायचे थांबले. सासऱ्यांचं अकरा वर्षांचं तुंबलेलं पोट साफ झालं आणि त्या आनंदात ते सलग दोन वाक्यं बोलले. अन्नाशी सुनेचं काही भांडण नव्हतं. भांडण तक्त्याशी होतं.

तक्त्यावर सुनेच्या रकान्यात एकोणीस नोंदी होत्या. सकाळी उपाशीपोटी बावीस ग्रॅम जवस, ताजं दळलेलं, बावीस म्हणजे बावीस. मग भोपळ्याच्या बिया पंधरा ग्रॅम, अक्रोड तीन, आणि प्रत्येक घास बत्तीस वेळा चावणे. शेजारच्या रकान्यात ‘दादा’ असं शीर्षक होतं आणि त्याखाली एकच शब्द होता: नेहमीप्रमाणे.

नेहमीप्रमाणे म्हणजे तळलेले बटाटे, क्रीमची बिस्किटं, रंगीत सोड्याची बाटली, आणि घास चावणे ऐच्छिक.

‘याचं का नाही लिहिलं काही?’ सुनेने पहिल्याच दिवशी विचारलं.

‘अगं, तो पुरुष आहे,’ सासू म्हणाली, जणू हे अन्नाच्या एखाद्या गटाचं नाव होतं.

‘पण मूल दोघांचं ना, आई?’

‘दोघांचंच. म्हणून तर तू नीट खा.’

सून दोन महिने नीट खात राहिली. रोज सकाळी सासू चष्मा लावून स्वयंपाकघरातल्या छोट्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर जवस मोजायची, नणंद वाटीचा फोटो काढायची आणि आपल्या पाच ग्राहकांना पाठवायची. दर महिन्याला काही झालं नाही की सगळ्यांच्या माना सुनेच्या ताटाकडे वळायच्या. काल बिया नीट चावल्यास ना? पालक ठेवलास का पानात? ऑफिसात चहा किती झाला? नवरा त्या वेळी बाटलीचं झाकण फिरवत असायचा. वड्याचं तेल वांग्यावर काढतात हे तिला माहीत होतं. इथे वांगं रोज ताजं जवस दळून खात होतं.

मग एका सकाळी तिचं लक्ष काट्याकडे गेलं. माणूस घरात आलं की धंद्याचा डोळा दाराबाहेर ठेवतं, म्हणून इतके दिवस गेलं नव्हतं. तिने पेटी उघडून वीस ग्रॅमचं पितळी वजन काट्यावर ठेवलं. काट्याने पंधरा दाखवले. पुन्हा ठेवलं. पुन्हा पंधरा.

‘आई, हा काटा चूक आहे. तुम्ही बावीस म्हणून मला एकोणतीस ग्रॅम घालताय.’

तिला वाटलं होतं, आता तरी या लोकांना आपल्या मोजमापाची लाज वाटेल. तिने तार काढली, शिशाचा ठोकळा दाबला आणि काटा रीतसर सील करून टाकला.

‘घरातल्या काट्याला कसलं सील?’ सासू म्हणाली. ‘आम्ही काय दुकान घातलंय?’

‘घातलंय. यावर मोजलेल्या वाट्यांचे फोटो दाखवून ही पाच जणींना सल्ला विकते. व्यापारी वापर झाला.’

‘वहिनी!’ नणंद किंचाळली, पण रागाने नव्हे. तिचे डोळे चमकत होते. ‘अगं, म्हणजे सापडलं! रोज सात ग्रॅम जास्त! म्हणूनच राहत नव्हतं!’

‘बघ,’ सासू खुर्चीत टेकली. तिच्या चेहऱ्यावर तीन वर्षांत पहिल्यांदा शांती आली. ‘मी म्हणतच होते, हिच्याकडेच काहीतरी जास्तीचं आहे.’

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. संध्याकाळपर्यंत नवा काटा आला. रात्री नवऱ्याच्या मावशीचा फोन आला तेव्हा सासू आनंदाने सांगत होती, ‘कारण कळलं गं! जवस जास्त होत होतं सुनेला.’

सुनेच्या डोक्यात तिडीक गेली. ती नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली.

‘तू दिवसभर लोकांना खुर्चीत बसवतोस आणि खालची ओळ वाचायला लावतोस. तुझा कागद टोपलीखाली आहे. तुला तो दिसत नाही?’

‘मी ठणठणीत आहे,’ नवरा म्हणाला. ‘मला काय धाड भरलीय?’

‘मी पण ठणठणीत होते. चार वेळा सिद्ध करून आले. तू एकदा करून ये.’

‘लोक काय म्हणतील?’

‘आत्ता माझ्याबद्दल म्हणतात तेच म्हणतील. मला तीन वर्षांची सवय आहे, तुला शिकवीन.’

तो हसला आणि टीव्ही लावला. तिने टीव्ही बंद केला नाही, आदळआपट केली नाही. ती स्वयंपाकघरात गेली, पेनने तक्त्यावरच्या आपल्या एकोणीस नोंदींवर एक रेघ मारली आणि खाली लिहिलं: नेहमीप्रमाणे.

दुसऱ्या सकाळी जवसाची वाटी तिने नवऱ्याच्या ताटाशेजारी सरकवली आणि त्याची बिस्किटं खायला घेतली. दुपारी तळलेले बटाटे. रात्री सोडा.

‘अगं, हे काय करतेस?’ सासू.

‘तक्त्याप्रमाणे खातेय. याला हा आहार चालतो ना? मग मलाही चालेल. मूल दोघांचं आहे.’

‘वहिनी, तुझं शरीर आंबतंय,’ नणंद रडकुंडीला आली.

‘हा तपासणीला गेला की त्या दिवशी जवस खाईन. बावीस म्हण, बावन्न म्हण.’

नऊ दिवस ती क्रीमची बिस्किटं खात होती. पाचव्या दिवशी तिला अॅसिडिटी झाली, सातव्या दिवशी हनुवटीवर पुटकुळ्या आल्या. ऑफिसात मात्र तिने एका किराणा दुकानातले सलग चार काटे जप्त केले. दुकानदार म्हणाला, ‘बाई, आज तुमचं काहीतरी बिनसलंय,’ आणि ती म्हणाली, ‘माझं नाही, तुमच्या काट्याचं.’ नवव्या रात्री तिने ताटात सोडा ओतून त्यात पाव बुडवला. सासूने तोंडावर पदर धरला आणि मुलाकडे वळून म्हणाली, ‘जा रे बाबा एकदाचा. जाऊन ये. ही बिघडतेय.’

असा नवरा गेला. सून आजारी पडू नये म्हणून गेला. स्वतःसाठी गेला नाही, हे सगळ्यांनी लक्षात ठेवलं.

अहवाल चार दिवसांनी आला. त्याने तो खोलीत एकट्याने वाचला, मग पलंगाच्या कडेला बसून तिच्या हातात दिला. आकडा होता, पुढे कंसात किमान किती हवा तो आकडा होता, आणि दोन्हींमध्ये भलं मोठं अंतर होतं. खाली डॉक्टरीणबाईंनी लिहिलं होतं: उपचार सुरू करावेत, पेयं आणि तळलेलं बंद, तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी.

तिला वाटलं होतं, हा कागद बघून आपल्याला विजयी वाटेल. तसं काही वाटलं नाही. त्याचे कान लाल झाले होते आणि तो जमिनीकडे बघत होता. तिने त्याचा हात हातात घेतला.

‘ठीक आहे,’ ती म्हणाली. ‘आता दोघं मिळून खाऊ. तू घरात सांग, म्हणजे झालं.’

‘सांगतो,’ तो म्हणाला.

सकाळी ती टेबलावर आली. तिच्या जागी दळलेल्या जवसाची वाटी होती, नव्या काट्यावर मोजलेली. नवऱ्यापुढे बिस्किटं होती. तो त्यांवर वरून लोणीही लावत होता.

तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याने लोण्याकडे पाहिलं.

‘आई,’ ती म्हणाली, ‘अहवाल आलाय.’

‘कसला अहवाल?’ सासू म्हणाली. ‘खा तू. तू शब्द दिला होतास.’

‘याचा. डॉक्टरीणबाईंनी लिहिलंय की...’

‘लॅबमध्ये फार चुका होतात हल्ली, वहिनी,’ नणंद मध्येच म्हणाली. ‘आमच्या कोर्समध्ये एक आख्खा धडा होता.’

‘तू सांग ना,’ सून नवऱ्याला म्हणाली.

‘आता आईसमोर कशाला?’ तो पुटपुटला. ‘सकाळी सकाळी?’

सासरे खाकरले. सगळ्यांना वाटलं ते काही बोलणार. ते म्हणाले, ‘मीठ द्या.’

तेवढ्यात मावशीचा फोन वाजला. सासूने तो कानाला लावला आणि सगळ्यांच्या देखत, ठणठणीत आवाजात म्हणाली, ‘नाही गं, अजून काही नाही. सुनेचं चालू आहे सगळं. आम्ही प्रयत्नात कसूर ठेवत नाही.’

खोट्या काट्यावर तीन हजार पानांचा कायदा आहे. खोट्या टेबलावर एक कलम नाही. सून उठली, ऑफिसात गेली, आणि जेवणाच्या सुट्टीत तिने खात्याच्या छापील कागदावर अर्ज टाइप केला. तीन प्रती काढल्या. आवक विभागातल्या काकांनी वाचला, पुन्हा वाचला, आणि त्यावर शिक्का मारून क्रमांक दिला.

‘प्रति, मा. नियंत्रक, वैधमापन.

विषय: त्रयस्थ निरीक्षक मिळणेबाबत.

महोदय, मी या कार्यालयात निरीक्षक असून नियमानुसार मला माझ्या नातेवाइकांची पडताळणी स्वतः करता येत नाही. माझ्या राहत्या घरी पाच व्यक्तींचे एक जेवणाचे टेबल असून त्यावर गेली तीन वर्षे सर्व दोष एकाच ताटात मोजला जात आहे. याबाबतचा वैद्यकीय अहवाल उपलब्ध आहे, परंतु तो टेबलावर पोहोचत नाही. तो धारण करणाऱ्या इसमाचा कंठ सकाळच्या वेळी चालत नाही.

तरी, सोयीच्या कोणत्याही दिवशी, सर्व पाच व्यक्ती जागेवर हजर असताना, सदर अहवाल एकदा मोठ्याने, स्पष्ट आवाजात, मध्ये कोणी मीठ मागितल्यास न थांबता, शेवटपर्यंत वाचून दाखवण्यासाठी कार्यालयाने एक निःपक्षपाती निरीक्षक अर्ध्या तासाकरिता पाठवावा, व तो वाचला गेल्याची पोच सासूबाईंच्या सहीने मला मिळावी, ही नम्र विनंती.’