नऊ पाठ उत्तरं

धार काढता काढता आक्का गाईला इंग्रजी ऐकवत होती. "येस मॅडम. वेलकम मॅडम. धिस इज माय फार्म." गाईनं दोनदा शेपटी मारली, पण तिच्यापुढे आक्काची जीभ अडखळत नव्हती. सगळी बोंब माणसांपुढेच होती.

वय पंचावन्न, शाळा चौथीत सुटलेली, आणि आज दहा वाजता परदेशी कंपनीची तपासनीस बाई आक्काचा घेवडा बघायला येणार होती. गावातल्या एकतीस बायकांच्या गटाचा माल ती कंपनी घ्यायची. एरवी इंग्रजी फाडायला गटाचा चिटणीस असायचा, पण पंधरा दिवसांपूर्वी त्याचं अपेंडिक्स कापलं आणि तपासणीच्या चिठ्ठीत पहिलं नेमकं आक्काचं शेत निघालं. एका शेतात खोट सापडली की एकतिसांचा माल परत. कालपासून आक्काला घास उतरला नव्हता.

सून शाळेत शिकवायची. तिनं नऊ उत्तरं ओळीनं पाठ करून घेतली होती.

"आई, चुका टाळायच्या ना? मग मधेच थांबायचं नाही. 'नो' म्हणायचं नाही. आणि पाठ केलंय त्याच्याबाहेर एक शब्द बोलायचा नाही."

"आणि तिनं भलतंच विचारलं तर गं?"

"सगळीकडे हेच विचारतात. तुम्ही घाबरू नका."

घाबरू नका म्हणायला काय जातं! म्हणणारी डबा घेऊन शाळेत गेली आणि आक्का धाकट्या जावेला सोबत घेऊन बांधावर उभी राहिली.

बाई आली. उंच, चष्मा लावलेली, हातात वही. पहिली चार उत्तरं सुरळीत पार पडली. जावेनं कौतुकानं आक्काला कोपरानं ढोसलंसुद्धा.

मग बाईला एका सरीच्या टोकाला काठीवर बांधलेली लाल चिंधी दिसली. ही गटाची रीत होती. औषध मारलं की त्या सरीला चिंधी बांधायची, दहा दिवस तिथली एक शेंग तोडायची नाही, अकराव्या दिवशी चिंधी सोडायची. बाईनं चिंधीकडे बोट केलं, फवारणीच्या पंपाकडे केलं, शेंग खुडल्यासारखी चिमूट केली आणि भराभरा काहीतरी विचारलं.

आक्काला एक शब्द कळला नाही. पण आता पाचव्याची पाळी होती.

"येस मॅडम. वी पिक एव्हरी डे."

बाईचं पेन थांबलं. तिनं तेच पुन्हा, हळू विचारलं.

"येस मॅडम. व्हेरी फ्रेश." हे सहावं.

बाईचा चेहरा उतरला. ती खाली मान घालून लिहायला लागली.

"आक्का, बाई लाल पेनानं लिहितेय गं," जाऊ कुजबुजली. "काय बोललीस तू?"

"मला काय ठाऊक! पाचवं बोलले, मग सहावं बोलले."

"अगं, पण पाचवं म्हणजे काय?"

"रोज तोडतो म्हणून..." आक्काची नजर चिंधीवर गेली आणि तिला उमगलं. औषध मारलेली शेंग आम्ही रोज तोडतो आणि ताजी ताजी खाऊ घालतो, असं तिनं आपल्या तोंडानं कबूल केलं होतं. एकतीस घरं तिच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. पळून जावंसं वाटलं. पण ती बाईपुढे जाऊन ओरडली.

"नो!"

बाई दचकली. जाऊही दचकली.

"नो मॅडम. आय... आय स्पीक राँग. फिअर." आक्कानं छातीवर हात ठेवला. "रेड, नो पिक. मेडिसिन. टेन डे." दोन्ही हातांची दहा बोटं बाईच्या चष्म्यापुढे नाचली. "टेन डे, नो पिक!"

बाईचा विश्वास बसलेला दिसेना. आक्कानं सरळ तिचं मनगट धरलं आणि तिला चिंधीच्या सरीत ओढलं. तिथल्या शेंगा तोडणीवाचून राठ झाल्या होत्या, आत दाणे टरारले होते. आक्कानं त्या दाखवल्या. "सी. ओल्ड." मग शेजारच्या सरीतली कोवळी, बोटाएवढी शेंग दाखवली. "नो रेड. पिक. सी?"

बाई खाली बसली. या सरीतल्या शेंगा चाचपल्या, त्या सरीतल्या चाचपल्या. चिंधीचा फोटो काढला. मग वहीतल्या लाल ओळींवर तिनं आडवी रेघ मारली. आक्का तिथंच सरीत बसली. जावेनं डोळ्यांना पदर लावला.

जाताना बाई हसून बरंच काही बोलली. आक्कानं मान डोलावली नाही. "मॅडम, आय नॉट अंडरस्टँड," ती खणखणीत म्हणाली.

बाईनं एकेक शब्द सुटा करून सांगितलं: उद्या उरलेली तीस शेतं. बोलायला तुम्हीच या.

हे मात्र आक्काला अक्षर न् अक्षर कळलं.

"काय गं, काय म्हणाली?" जावेनं विचारलं.

"काय म्हणणार?" आक्का कापऱ्या आवाजात म्हणाली, "आता तीस वेळा मरायचंय."