थाळी येईपर्यंत

उत्रोलीत सोजराबाईला उत्तर देणारा माणूस अजून जन्मायचा आहे, असं लोक म्हणत. त्यात थोडी अतिशयोक्ती होती. तिच्या नवऱ्याने एकदा उत्तर दिलं होतं, पण त्यानंतर तो बिचारा फार जगला नाही. पुढे भाताची खाचरं, दोन म्हशी, मुलगा कोंडिबा आणि सून रतनबाई असा सगळा संसार ती एका हाताने हाकत असे. दुसरा हात कमरेवर ठेवण्यासाठी लागे.

तिच्या हाताला गुण होता, हे मात्र तिच्याशी भांडणारेही कबूल करत. कुणाची म्हैस अडली, शेळी अडली, की सोजराबाईला बोलावणं यायचं. बायकांची बाळंतपणं धोंडाबाई सुईण करी, आणि धोंडाबाईच्या डोक्यावर गावाच्या थाळीचा अंमल होता.

भोरला संस्थान होतं, तिथे राजाचा हुकूम चालायचा. पण उत्रोलीत पोर जन्मून रडलं नाही तर राजाचाही हुकूम चालत नसे, थाळीचाच चाले. थाळी काशाची, जुनी, चांगली परातीएवढी. ती वाजली की त्या आवाजाने पोराचा जीव जागा होतो, अशी समजूत. वाजेपर्यंत नाळ कापायची नाही, पोराला हात लावायचा नाही. लावला तर जीव वाट चुकतो म्हणे. जीव इतका बावळट कसा, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं.

बरं, थाळी कुणीही उचलून बडवावी असंही नव्हतं. थाळी थोरल्या घरात, आनंदरावांकडे. ती वाजवायचा सागवानी दांडका धाकट्या घरात, चिमाजीकडे. कुणा शहाण्या पूर्वजाने भाऊबंदकी मिटवायला ही वाटणी केली होती. आता या दोघा चुलतभावांचं एका बांधावरून बोलणं बंद होतं. म्हणजे गावात पोर गप्प जन्मलं की आधी या दोन गप्प थोराड माणसांना एका अंगणात आणावं लागे. त्यात आनंदराव फेटा बांधल्याशिवाय थाळीला शिवत नसत, आणि त्यांचा फेटा काही घाईने बसणारा नव्हता.

रतनबाईचं पहिलं पोर गप्पच जन्मलं. भातलावणीचे दिवस होते, चिमाजी लांबच्या खाचरात चिखल करत होता. आनंदराव फेटा बांधून, थाळी मांडीवर घेऊन अंगणात बसले आणि दांडक्याची वाट पाहू लागले.

कोंडिबा कासावीस होऊन म्हणाला, "काका, पळीनं वाजवा की!"

आनंदरावांना ते फार लागलं. "पळीनं? ही मानाची थाळी हाय, का आमटीचं पातेलं?"

आत पोर निळं पडत चाललं होतं. धोंडाबाई हात जोडून बसली होती. सोजराबाई दाराकडे तोंड करून चिमाजीच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती. तोंड दाराकडे म्हणजे पोराकडे पाठ आलीच. चिमाजी आला, मानकऱ्याला शोभेल असे त्याने पाय धुतले, दांडका काढला, आणि थाळी एकदाची वाजली. पोराने कण्हल्यासारखा काहीतरी आवाज काढला. गावभर गूळ वाटला गेला. दोन्ही घरांना नारळ आणि टॉवेल देऊन मान झाला. पोराचं नाव गेनू ठेवलं, आणि त्या गेनूला मात्र वर्ष उलटलं तरी मान धरता येईना.

पुढे तो बसायला लागला, तोही भिंतीला टेकवला तर. बोलणं नाही. हातपाय आखडलेले, तोंडातून लाळ. रतनबाई त्याला भरवायची, धुवायची, कमरेवर घेऊन पाण्याला जायची. सोजराबाई आल्यागेल्याला सांगायची की सुनेनं गरवारपणी गिराण पाळलं न्हाई, त्याचा ह्यो परताप. ग्रहण त्या वर्षी इथून दिसलंच नव्हतं, असं मास्तरांनी एकदा सांगून पाहिलं. मास्तरांना त्या दिवशी काय काय ऐकावं लागलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

गेनू पाच वर्षांचा झाला तेव्हा रतनबाईने हट्टच धरला आणि त्याला भोरच्या दवाखान्यात नेलं. सोजराबाई सोबत गेली, कारण डॉक्टरांशी बोलायला घरात दुसरं कोण होतं?

"जन्मल्याबरोबर रडला होता का?" डॉक्टरांनी विचारलं.

"थाळी वाजली तसा रडला."

"आणि थाळी कधी वाजली?"

"चिमाजी आल्यावर."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. पुन्हा घातला. मग म्हणाले, "बाई, तेवढा वेळ याला श्वास नव्हता. श्वास नसला की मेंदूला हवा पोचत नाही, आणि मेंदूला फार वाट पाहता येत नाही. जे गेलं ते आता परत येणार नाही. पुढच्या वेळी पोराचं तोंड, नाक साफ करा, अंग चोळा, तोंडाने हळूहळू फुंकर घाला. लगेच. कुणासाठी थांबू नका."

सोजराबाईने हे उत्रोलीपर्यंत भेटेल त्याला सांगितलं. "म्हणं डोस्क्यात हवा गेली न्हाई! अगं बाई, डोस्क्यात हवा आमच्या आनंदरावाच्या हाय. त्याचं काय भलं झालं ते बघतोयच की!" लोक खो खो हसले. रतनबाई हसली नाही. गेनूला या कमरेवरून त्या कमरेवर घेत ती मागून चालत राहिली.

त्यानंतर काही महिन्यांनी तिला पुन्हा दिवस गेले. ती आठव्यात असताना एका सकाळी चंद्री म्हैस व्यायली. रेडकू पेंढ्यावर पडलं ते निपचित. अंगावर पडदा तसाच, श्वास नाही. सोजराबाई भाकरी थापत होती. ती पिठाच्या हातांनी तशीच धावली. नाकावरचा पडदा टराटरा फाडला, तोंडात बोटं घालून चिकटा ओढून काढला. "कोंड्या, मागलं पाय धर, उलटं कर! झोपलास काय?" कोंडिबाने उलटं धरलं, तिने पेंढ्याने खसाखसा अंग चोळलं, मग नाकाला तोंड लावून फुंकर मारली. पुन्हा मारली. रेडकू शिंकलं, थरथरलं आणि कान हलवायला लागलं. सोजराबाईने पदराने तोंड पुसलं आणि भाकरी करपली म्हणून सुनेला शिवी घातली.

रतनबाई गोठ्याच्या दारात उभी होती. ती म्हणाली, "आत्याबाई, थाळी न्हाई आणलीत?"

"म्हशीला थाळी? येड लागलं का तुला? थाळी येस्तवर रेडकू मेलं असतं की!"

बोलून झालं आणि मग सोजराबाईला कळलं आपण काय बोललो ते. पण तिची जीभ मागे घेण्यातली नव्हती. ती पुढेच रेटत गेली. "रेडकू मेलं तर म्हस पान्हा सोडत न्हाई. घरात दूध कुठनं यायचं?"

"आन् पोर मेलं तर?"

"पोर द्येवाचं असतं."

"आन् रेडकू?"

"रेडकू आपलं असतं," सोजराबाई म्हणाली आणि शेणाची पाटी उचलून निघून गेली.

पुढचे काही दिवस तिने घरात कुणाला सुखाने जेवू दिलं नाही. मीठ जास्त पडलं, पाणी कमी आणलं, कोंबडी चुकीच्या बाजूला बसली. ती का चिडलीय हे कुणालाच कळेना. तिला कळत होतं, आणि त्याचाच तिला जास्त राग येत होता. शेवटी एका दुपारी रतनबाई तिच्यासमोर येऊन बसली.

"आत्याबाई, ह्या बारीला पोर रडलं न्हाई तर थाळीची वाट बघायची न्हाई. चंद्रीच्या रेडकाला केलं ते करायचं."

"माझ्या नातवाला म्या जनावरावानी वागवू व्हय?"

"तेवढंच मागती म्या," रतनबाई म्हणाली. "जनावरावानी वागवा."

आयुष्यात पहिल्यांदाच सोजराबाईला उत्तर सुचायला वेळ लागला. सुचलं तेही भलतंच. "गावाचा रिवाज हाय. म्या एकली कशी मोडू?" असं ती म्हणाली. ज्या बाईने गावाचा एकही रिवाज स्वतःच्या सोयीप्रमाणे वाकवल्याशिवाय सोडला नव्हता, तिच्या तोंडी हे वाक्य शोभलं नाही.

भाताची झोडपणी चालली होती तेव्हा रतनबाईच्या पोटात दुखायला लागलं. ऊन चांगलं वर आलं होतं. धोंडाबाई आली, पाणी तापलं, दार लोटलं गेलं. पोर आलं. मुलगी. नाळेचा वेढा गळ्याला. धोंडाबाईने तेवढा तो सोडवला आणि हात मागे घेतले. पोर निळसर, सैल, गप्प.

"न्हाई रडत," धोंडाबाई दाराकडे ओरडली. "थाळी आणा! आन् सोजरे, हात लावू नगंस!"

बाहेर धावपळ झाली. या खेपेला चिमाजी दांडका घेऊन आधीच अंगणात हजर होता, आणि आनंदरावांचा फेटा चालला होता. निरोपावर निरोप गेले. आनंदराव आले तेव्हा उंबऱ्याजवळ पुढे कुणी उभं राहायचं यावर बाचाबाची झाली. थाळीवाला पुढे की दांडकेवाला? एकमेकांशी बोलणं बंद असल्याने दोघंही कोंडिबाला मधे घालून भांडत होते. "त्याला म्हणावं, सर मागं." "त्याला सांग, मागं सरायला आमी काय त्याचं मिंधं न्हाई." हे सगळं आत स्वच्छ ऐकू येत होतं.

पोराचे ओठ जांभळे झाले होते. सोजराबाईने रतनबाईकडे पाहिलं. ती फक्त सासूच्या हातांकडे बघत होती.

आणि ते हात हलले. सोजराबाईने धोंडाबाईला ढोपराने बाजूला सारलं, पदराचं टोक बोटाला गुंडाळून पोरीच्या तोंडातला चिकटा काढला, नाक पुसलं. पोरीला तळहातावर पालथी घेऊन पाठ चोळली. "अगं, जीव वाट चुकंल!" धोंडाबाई किंचाळली. "चुकला तर म्या वाट दावीन!" असं म्हणून सोजराबाईने त्या चिमुकल्या नाकातोंडावर तोंड ठेवलं आणि फुंकर घातली. रेडकाला घातली त्याहून कितीतरी हलकी. पुन्हा घातली. पोरगी आचके देत शिंकली, तोंड वाकडं केलं आणि असा टाहो फोडला की बाहेरची बाचाबाची एकदम थांबली.

मग जे व्हायचं ते झालंच. पोर रडलं म्हणून मानकरी थोडेच घरी जाणार? दोघांनी मिळून थाळी दणादण वाजवली. पोरगी दचकली आणि आणखी जोरात रडली. अंगणातले लोक धन्य झाले. "बगा, ह्या बारीला तर थाळी नुसती अंगणात आली आन् पोर रडलं! वाजवायचीबी गरज पडली न्हाई!" कुणीतरी म्हणालं, आणि ते सगळ्यांना पटलं. आनंदराव आणि चिमाजी एकमेकांकडे न बघता एकाच वेळी हसले.

आत धोंडाबाईने नाळ कापली. पोरगी रतनबाईच्या अंगाशी लागली, लालबुंद, मुठी आवळलेली. रतनबाईने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मग सासूकडे बघून अगदी हळू आवाजात विचारलं, "आत्याबाई, येवढंच हुतं?"

सोजराबाईने पोरीच्या पायांवर फडकं ओढलं.

"येवढंच करायचं हुतं व्हय?"

सोजराबाईला शिव्या येत होत्या, टोमणे येत होते, ग्रहण येत होतं. यातलं काहीच तोंडाबाहेर पडेना. पलीकडच्या भिंतीला टेकून गेनू बसला होता. बहिणीचं रडणं ऐकून तो मान एका बाजूला टाकून हसत होता. हे हात सहा वर्षांपूर्वीही आपलेच होते, तेव्हाही त्यांना सगळं येत होतं, हे सोजराबाईला त्या क्षणी लख्ख दिसलं.

"व्हय," ती म्हणाली. "येवढंच."

बाहेरून आनंदरावांनी हाक मारली. "वयनी, नारळ-टावेल आणताय न्हवं? मंडळी खोळंबल्याती."

सोजराबाई तशीच, न धुतलेल्या हातांनी अंगणात आली. तिच्या हातात नारळ नव्हता. लोक गप्प झाले, कारण तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि असं कुणी कधी पाहिलं नव्हतं.

"थाळी वाजायच्या आदी पोर रडलं," ती म्हणाली. "म्या फुकलं म्हणून रडलं. आन् माजा गेनू थाळीची वाट बगता बगता गेला."

"गेला कसा?" आनंदराव समजुतीच्या सुरात म्हणाले. "आत बसलाय की त्यो, चांगला हसतोय."

"बसलाय त्यो. त्याच्यातलं जायचं ते गेलं. तुमी फेटा बांधत बसला आन् ह्यो पाय धूत बसला तवा गेलं."

आनंदरावांनी फेट्याला हात लावला. "वयनी, येवढा दोष आमाला देऊ नगा."

"तुमाला न्हाई देत, भावजी," सोजराबाई म्हणाली. "तुमी अंगणात हुता. पोर माज्या हाताशी हुतं."